भोंग्यातली आई

जाळी फाटली आणि तो आठवडा सरायच्या आत भोरड्या आल्या.

अवकाळी पावसाचे थेंब मोजकेच पडले, पण वारं असं सुटलं की बागेवर अंथरलेली पांढरी जाळी निम्मी तारांना लोंबत राहिली आणि निम्मी शेजारच्या उसात जाऊन गुंतली. कुंडलच्या खाली, कालव्याच्या अंगाला उदयसिंहाची द्राक्षबाग. मण्यांत नुकतं पाणी उतरू लागलं होतं. मणी बोटात धरला तर मऊ लागायचा, लहान पोराच्या कानाच्या पाळीसारखा. असल्या वेळी पाखराला आवतण लागत नाही.

ऊन चढलं की उसापलीकडून थवा उठायचा. लांबून धूर वाटायचा. मग तो धूर वळायचा, फाटायचा, परत एक व्हायचा आणि बागेवर उतरायचा. काळी डोकी, गुलाबी अंगं. मंडपाखाली अंधारून यायचं. थवा उठून गेला की घडाला नुसते ओले देठ उरायचे.

उदयसिंहानं सुतळी बॉम्ब आणले. पहिल्या दिवशी भोरड्या पार कालव्यापलीकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या ओळीत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बार उडाला की एखादी मान वर करायची, एवढंच.

त्या दुपारी बायका तडकलेले मणी कात्रीनं काढत होत्या. उदयसिंह डबा वाजवत, शिव्या देत ओळीतून पळत होता. पन्नाशीचा माणूस, पायजमा चिखलानं भरलेला, आवाज चिरकलेला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. साक्षी हसली नाही. तिनं कात्री कमरेला खोचली, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि घशाच्या वरच्या अंगानं एक बारीक, धारदार आवाज काढला. टि-टुई. टि-टुई.

सगळा थवा एकदम उठला. पंखांच्या वाऱ्यानं पानं उलटी झाली.

"काय केलंस गं?" शेजारच्या ओळीतल्या भामाबाईनं विचारलं.

"शिकरा, मावशी. आमच्या जतकडं शाळूवर यायचा. मी माळ्यावर राखणीला बसायची, तवा त्याची नक्कल करायची."

"नरड्यात शिट्टी घेऊन जल्मलीस का काय?"

उदयसिंह डबा हातात घेऊन पुढं आला. "कुणी केलं ते?"

बायका बाजूला झाल्या. जणू साक्षीनं काही फोडलं होतं.

"मी, दादा."

"परत कर."

तिनं परत केलं. कालव्यावरच्या बाभळीत बसलेला थवा तिथूनही उठला. उदयसिंह तोंड वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "उद्यापास्नं कात्री खाली ठेव. तू राखणीला."

साक्षीचा नवरा भाऊसो त्याच बागेत ट्रॅक्टरवर होता, फवारणीचा. त्यानं हे ऐकलं तेव्हा तो लय हसला. "समद्या गड्यांच्या बायका घरात फुकट आरडत्यात. माझीला पगार हाय."

राखणीबरोबर खोली मिळाली. तोवर चौघं कालव्याकडेला कापडाच्या पालात राहत होती. साक्षी, भाऊसो, त्याची आई बनुबाई आणि अडीच वर्षांची शिवांजली. खोली पत्र्याची होती, पण भिंती विटांच्या होत्या, दिवा होता, दाराशी नळ होता. बनुबाईनं पहिल्या दिवशी नळ तीनदा सोडून बघितला आणि तीनदा बंद केला.

"माल निघूस्तर हाय म्हणत्यात," साक्षी म्हणाली.

"मालाचं काय. तू अशी कर की तुझ्याबिगार त्येंचं पान हलू ने," बनुबाई म्हणाली. "मग कोण काढतंय?"

शिवू उंबऱ्यावर बसून पायानं पाणी तुडवत होती.

साक्षीला दोनच दिवसांत कळलं की पाखरू लवकर शिकतं. शिकरा ओरडतो पण झडप घालत नाही, हे भोरड्यांच्या ध्यानात आलं. मग तिनं मांजराच्या तोंडात सापडलेल्या साळुंकीची किंकाळी काढली. ती चार दिवस पुरली. मग बुलबुलाची धोक्याची चिरचिर, मग कुत्र्याचं भुंकणं आणि त्यातच तुटलेली कोंबडीची कलकल. एका दिवशी लाल पातळ, एका दिवशी भाऊसोचा शर्ट. कधी उगवतीकडून, कधी मावळतीकडून. पाखराच्या मनात एक बाई उभी राहू नये, एवढंच तिला करायचं होतं. पण बाग लांबोडी होती आणि ती एकटीच होती. ती एका टोकाला असली की दुसऱ्या टोकाला थवा उतरायचा.

उपाय शिवूनं दाखवला. बांधावर जुन्या पाइपलाइनचे पाइप पडले होते, एकमेकांना अजून जोडलेले, उसापर्यंत गेलेले. साक्षी दुपारची भाकरी खायला टेकली होती. शिवू पाठीमागं खेळत होती. आणि समोरून, उसाच्या तोंडाशी, जिथं कुणीच नव्हतं, तिथून पोरीचा आवाज आला.

"आई."

साक्षीच्या हातातला घास राहिला. ती वळली. शिवू मागंच होती, पाइपच्या तोंडात तोंड घालून पालथी पडलेली. "आई," ती पाइपात म्हणाली. आणि पलीकडच्या टोकाला, उसाजवळ, दुसरी कुणीतरी पोर म्हणाली, "आई."

साक्षीनं तिला उचललं, तिच्या ओठांची माती पुसली, आणि पोरीला कडेवर घेऊनच पाइप कुठून कुठं जातात ते बघत चालू लागली.

भाऊसोनं सुट्टीच्या दिवशी पाइप ओळींतून पसरून दिले. खोलीच्या बाजूला एका जागी सगळ्यांची तोंडं आणली. साक्षी तिथं उकिडवी बसायची आणि कधी या तोंडात, कधी त्या तोंडात आवाज सोडायची. आवाज जमिनीलगत सरपटत जायचा आणि लांब कुठंतरी मंडपाखालून वर यायचा, जरा घोगरा होऊन, जरा मोठा होऊन. भोरड्या उडाल्या की कुठं उतरावं तेच त्यांना कळेना. सगळीकडं बाई होती आणि बाई कुठंच नव्हती.

कात्रीवाल्या बायकांनी मात्र त्या ओळींत एकटीनं जायचं सोडलं. "मी घड बघाय वाकले," भामाबाई सांगत होती, "आन पायाखालनं ही बया हुर्र म्हणाली. मी म्हणलं मेले. साक्षे, मानसं हायती तिथं तरी आवाज देऊ नगंस गं."

"मानसं दिसत न्हाईत मावशी मला तिथनं."

"मग देवागत झालं की तुझं. बोलायचं पन बघायचं न्हाई."

गावात गोष्ट पसरली. शेजारचे दोन बागवाले खोलीपर्यंत येऊन गेले. जास्त देतो म्हणाले. उदयसिंहाला कळलं तसा तो संध्याकाळी पेढ्याचा पुडा घेऊन आला, बाजेवर बसला, शिवूला मांडीवर घेतलं. "हे बघ साक्षी. तू हाईस म्हणून बाग हाय. कुटं जायचं न्हाई."

ती भावाच्या सुपारीसाठी जतला एक दिवस मागत होती. तो हसला. "भाऊ फुडच्या वर्षी बी लगीन करंल. माझा माल ऱ्हातोय व्हय फुडच्या वर्षापतूर?"

बनुबाई पेढा चघळत म्हणाली, "बघ. मी काय म्हणलं हुतं."

साक्षीचा घसा आठवड्यानं गेला. आधी घोगरा झाला, मग सकाळी उठल्यावर नुसती हवा यायची. बनुबाई हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची, गळ्याला शेकलेलं फडकं बांधायची. साक्षी दिवसभर पाइपांत ओरडायची आणि रात्री पोरीला निजवताना तिच्याजवळ आवाजच उरायचा नाही. ती नुसते ओठ हलवायची. शिवू अंधारात हातानं चाचपून तिचा चेहरा शोधायची आणि गाणं येत नाही म्हणून रडायची.

एका सकाळी साक्षीनं तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. थवा उतरला, खाऊन गेला. उदयसिंह खोलीपुढं येऊन उभा राहिला. रागावला नाही. तिच्या गळ्याकडं बघत होता, जसा बंद पडलेल्या मोटारीकडं बघतो.

दोन दिवसांनी पलूसहून दस्तगीर आला. भोंगे, रेडिओ, लग्नातले स्पीकर दुरुस्त करणारा माणूस, चाळिशीचा, हळू बोलणारा. मोटारसायकलवर मागं खोकं बांधून आणलं होतं. त्यात बॅटरीचे भोंगे.

"वैनी, कसं हाय," तो म्हणाला, "तुमी एकदा आवाज द्यायचा. मी ह्यात भरून घेतो. मग भोंगा बोलंल, तुमी बसायचं. मागंफुडं करून वाजंल, पाखराला पत्ता लागायचा न्हाई."

साक्षीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. घसा जरा सुटला त्या दुपारी दस्तगीरनं आवाज भरून घ्यायचं छोटं यंत्र मंडपाच्या तारेला टांगलं आणि ती थांबत थांबत, पाणी पीत, एकेक आवाज देऊ लागली. शिकरा दिला. साळुंकी दिली. मग दस्तगीर म्हणाला, "दम घ्या. यंत्र चालूच असू द्या, मी भाकरी खाऊन येतो."

बनुबाईला झोप लागली होती. शिवू खोलीत नव्हती.

साक्षीला ती दिसली तेव्हा ती शेततळ्याच्या बांधावर होती. तळ्याला चारी बाजूंनी काळा प्लास्टिकचा कागद, घसरगुंडीसारखा, खाली हिरवं पाणी. तारेच्या कुंपणाखालून पोर आत गेली होती आणि कागदाच्या कडेवर उभी राहून पाण्यातल्या आभाळाकडं बघत होती. मध्ये सगळी बाग होती. पळून पोचणं शक्य नव्हतं.

मग साक्षीच्या घशातून जे निघालं त्याला हाक म्हणता येणार नाही. फाटलेल्या ठिकाणाहून आधी काहीतरी कच्चं, शब्दाच्या अलीकडचं बाहेर आलं आणि त्याला चिकटून मागून "शिवूऽऽ" आलं. भोरड्या उठल्या. बाभळीवरचे कावळे उठले. उसातून बगळे उठले. कुत्रं शेपूट घालून ट्रॅक्टरखाली गेलं. शिवू जागच्या जागी थिजली, वळली, आणि दोन्ही हात वर करून आवाजाच्या दिशेनं पळत सुटली.

साक्षीनं तिला पोटाशी धरलं तेव्हा तिच्या तोंडात रक्ताची चव होती.

त्या दिवशी थवा परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि बागेच्या चारी अंगांनी, खांबाखांबावरून, तीच हाक आली. आधी ते कच्चं, मग "शिवूऽऽ". एका भोंग्यानं संपवली की दुसऱ्यानं धरली. साक्षी परातीत पीठ मळत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. बनुबाईनं तिच्याकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं, मग परत तिच्याकडं.

"तू न्हाईस न्हवं ही?"

साक्षीनं मान हलवली. बनुबाईनं छातीवर हात ठेवला. आणि मधून शिवू उठून पळाली.

ती थेट पहिल्या खांबाशी गेली. भोंगा उंचावर होता. ती खाली उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "घे."

भोंगा गप्प झाला. पलीकडच्या खांबावरून हाक आली. शिवू तिकडं पळाली. हात वर केले. "आई, घे की."

साक्षी पिठाच्या हातानं मागून आली. "शिवू," ती म्हणाली. आवाज घोगरा, बारीक, पानांच्या सळसळीएवढा. पोरीनं वळून पाहिलं. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं, आणि तिला वळसा घालून तिसऱ्या खांबाकडं गेली.

बाग वाचली. शेजारच्या दोन बागांत भोरड्या उतरत होत्या, उदयसिंहाच्या बागेवरून जाताना थवा वाकडा होऊन जायचा. त्यानं बनुबाईला पातळ घेतलं, भाऊसोला नवा मोबाइल घेतला. लोक बघायला यायचे. हाक आली की त्यांच्या अंगावर काटा यायचा आणि ते हसायचे. "काय आरडलीया बाई! कुटं शिकलीस गं?" साक्षी पाणी द्यायची आणि आत जायची.

शिवूला आता बांधून ठेवावं लागत होतं. बनुबाई जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला आणि बाजेच्या पायाला बांधायची, गाठ मागं, पोरीचा हात पोचू नये अशी. हाक आली की पोर ओढ घ्यायची. बाज सरकायची. पट्टीचा वळ तिच्या पोटावर उठला होता, लालसर, ओला. साक्षी त्याला तेल लावायची आणि तिच्या कानात म्हणायची, "मी हितं हाय. ही बघ मी." शिवू तिच्या खांद्यावरून बाहेर बघत असायची.

एक भोंगा तळ्याच्या खांबावर होता. पाखरं तिथं पाण्याला यायची म्हणून.

साक्षी मालकाच्या घरी गेली. उदयसिंह चहा पीत होता. ती पायरीखाली उभी राहिली.

"दादा, तेवढी एक हाक काढा."

"कंची?"

"पोरीची."

"अगं, तिच्यावर तर बाग उभी हाय." त्यानं बशी खाली ठेवली. "लागल तर तळ्यावरचा भोंगा हलवू. पोरगीला घरात ठेव की. म्हातारी हाय न्हवं?"

"ती मला वळखीना झालीया."

उदयसिंह हसला नाही. त्यालाही लेकरं होती. पण त्यानं बागेकडं पाहिलं. "बारकी हाय. इसरंल. माल तुटूस्तर थांब."

"मग आमी जातो जतला. मी आन पोरगी."

"जा की," तो मायेनं म्हणाला. "मागं तू सुट्टी मागत हुतीस, मी दिली न्हाई. जा, निवांत ऱ्हा. तुझा आवाज हाय की हितं."

ती पायरीखाली उभीच राहिली. मालकीणबाईनं आतून विचारलं, "च्या देऊ का तिला?" तेव्हा ती वळून चालू लागली.

जतच्या माळावर पाखरंही नव्हती. शाळू काढून झाला होता, रान मोकळं, वाऱ्याला अडवायला काही नाही. साक्षीची आई नातीला बघून हरखली. पण ऊन चढायच्या वेळी शिवू खेळ सोडून दारात जाऊन उभी राहायची. मान तिरकी करून ऐकत राहायची. मावळतीकडं, जिकडून त्यांची एसटी आली होती तिकडं तोंड करून.

"काय ऐकतीया गं ही?" आजीनं विचारलं.

 साक्षी पोरीच्या मागं जाऊन बसली. घसा आता बरा होता, पण पहिल्यासारखा झाला नव्हता. मध्ये एक चीर राहिली होती. "शिवू," तिनं हाक मारली. शिवूनं तोंडावर बोट ठेवलं. गप्प बस म्हणाली. आई बोलवती.

साक्षीनं तिला तिथंच, दारात, वाऱ्यात घट्ट धरून ठेवलं.

भाऊसोचा फोन आला तो दुपारचा. "ये," तो म्हणाला. "भोरड्या भोंग्यावरच बसत्यात. हाक चालू असती आन ह्या वर बसून चोच पुसत्यात. दादा येडा झालाय. ये म्हणतोय. काय म्हणशील ते म्हण म्हणतोय."

"दस्तगीरभाईला बोलवून ठेवा," ती म्हणाली. "मी आल्याबिगार कुणी कशाला हात लावायचा न्हाई."

ती आली तेव्हा उदयसिंह खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. दाढी वाढलेली. बागेत भोंगे ओरडत होते आणि त्यांच्यावरून भोरड्यांचा कलकलाट चालला होता, दोन्ही एकात एक. शिवू आईच्या कडेवर ताठ झाली. साक्षीनं तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आधी ते बंद करा."

दस्तगीर खांबाखांबावर चढला. शेवटचा भोंगा गप्प झाला तसं बागेत नुसतं चोची मारल्याचं ऐकू येऊ लागलं, पाऊस पडल्यासारखं. त्यानं भोंग्यांतली, आवाज भरलेली सगळी बारकी कार्डं तळहातावर घेऊन साक्षीपुढं धरली.

"पुसू?"

"मोडा."

त्यानं उदयसिंहाकडं पाहिलं नाही. एकेक कार्ड दातांत धरून मोडलं. "वैनी," तो हळूच म्हणाला, "मी भरून घेतलं खरं. पण दुरुस्तीला ह्यातला एक भोंगा घरी नेला, तर आमच्या घरवालीनं, अख्तरबीनं, तो घरात ठेवू दिला न्हाई. म्हणाली, ही कुनाची तरी आई मेल्यावनी आरडती."

"आन यंत्रातलं?"

"त्येबी गेलं. अल्लाची शपथ."

उदयसिंह उठला. "बरं, आता पाखरं?"

"मी हाय की," साक्षी म्हणाली. "पन भोंगा न्हाई. यंत्र न्हाई. माझं मी करीन, आन पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. खोली आमची बारा महिने."

"घे."

"नुसतं 'घे' न्हाई. भाऊसोच्या म्होरं, आत्तीच्या म्होरं म्हणा."

तो म्हणाला.

माल तुटेपर्यंत ती पाइपांशी बसली. शिवूला पाठीशी बांधून. ओरडण्याएवढा घसा उरला नव्हता, म्हणून तिनं ओरडणं सोडलं. बारीक आवाज पाइपात सोडला तरी पलीकडं जातो, हे तिला कळलं. ती बांगड्या पाइपाच्या तोंडावर घासायची, ओल्या फडक्यानं पाइप आतून पुसायची, त्यात श्वास घ्यायची. एकदा केलेला आवाज परत करायचा नाही, एवढं एकच तिनं धरून ठेवलं. रोज सकाळी उठून ती नवं काहीतरी शोधायची, स्वयंपाकातलं, गोठ्यातलं, पोरीच्या तोंडातलं. बागेत कुणीतरी दडून श्वास घेतंय असं भोरड्यांना वाटायचं. बायकांनाही वाटायचं. उदयसिंह स्वतः ओळीतून जाताना भरभर चालायचा.

पाठीवर शिवू आईच्या मणक्याला गाल लावून असायची. आवाज आत कुठं सुरू होतो ते तिला हाडातून कळत होतं. पहिले दोन दिवस ती धडपडली. मग तिनं धडपड सोडली. मग एका दुपारी, साक्षी पाइपात वाकलेली असताना, पोरीनं मागून तिचा गळा हातानं धरला आणि तो हलतोय का ते बघितलं.

माल गेला. गाड्या भरून गेल्या, भोरड्याही गेल्या, जिथून आल्या तिकडं. बाग मोकळी झाली. पानं कडक, वरून धूळ. खोलीपुढं बनुबाई लसूण सोलत बसली होती, साक्षी भिंतीला टेकून पाय पसरून, बऱ्याच दिवसांनी काही न करता बसली होती. शिवू खोक्यांच्या पुठ्ठ्याचं घर करत होती. ऊन डोक्यावर होतं. वारा नव्हता.

"शिवूऽऽ."

बनुबाईच्या हातातला लसूण सांडला.

हाक तळ्याकडून आली होती. आधी ते कच्चं, मग नाव. मधली चीरसुद्धा तीच. खांबावर भोंगे नव्हते, ते खोक्यात भरून पलूसला गेले होते. साक्षीनं बाभळीकडं पाहिलं. शेंड्यावर एक साळुंकी होती, पिवळ्या चोचीची. तिनं गळा फुगवला, मान खाली-वर केली.

"शिवूऽऽ."

साळुंकी ऐकलेलं उचलते हे साक्षीला लहानपणापासून माहीत होतं. कार्डं मोडताना तिला ते आठवायला हवं होतं. कालव्यापलीकडून, लांब, दुसरीनं तीच हाक दिली. तिच्यापलीकडं अजून एक.

शिवू उठली. हातातला पुठ्ठा खाली पडला. ती तळ्याच्या वाटेवर दोन पावलं गेली.

"धर गं तिला!" बनुबाई म्हणाली. "हाक मार!"

साक्षीनं तोंड उघडलं. आणि मिटलं. पोरीला दोन्हीकडून एकच आई बोलावणार होती. मग ती कुणाकडं जाणार? साक्षी उठलीही नाही. पळत गेली तर पोर पळेल, हे तिला दिसत होतं. तिनं भिंतीला पाठ लावली आणि शिवूच्या पाठीकडं बघत राहिली. झबल्याचं बटण तुटलं होतं, मान घामानं ओली होती.

"शिवूऽऽ."

पोर थांबली. वळली. आईकडं बघितलं, आईच्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. मग चालत मागं आली, साक्षीच्या मांडीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि मातीची चारही बोटं तिच्या ओठांवर ठेवली. ठेवून वाट बघू लागली.

बाभळीवरून हाक आली. बोटांखाली काहीच हललं नाही.

शिवूनं बोटं काढली नाहीत. अजून एका हाकेची तिला वाट होती. साक्षीनं नाकानं हळूहळू श्वास घेतला, ओठ तसेच मिटून ठेवले. बनुबाई काही बोलू लागली तर तिनं हातानंच तिला थांबवलं.